एक्सपी टाकून द्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. त्याआधी १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ची पाळी आली होती आणि ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची. कंपनीच्या दप्तरी या तारखांना त्या त्या प्रणालीचं आयुष्य संपलं. पण संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात एक मागणी या तारखांना जुमानत नाही. नवीन मशीन घेतलं, त्यात नवी विंडोज आली, आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक परत: हे काढा, पहिली होती तीच टाकून द्या. असं म्हणणाऱ्याकडे बघण्याची आपली नजर ठरलेली आहे. माणूस बदलाला घाबरतो, शिकायचा कंटाळा करतो किंवा चार पैसे वाचवतो, असं आपण धरून चालतो. काहींच्या बाबतीत तिन्ही खरंही असेल. पण कोल्हापूर आणि परिसरातली कामं एकेक करून तपासली, तर या समजाला फारसा आधार सापडत नाही. परतणाऱ्याला त्या जुन्या विंडोजबद्दल प्रेम असतं असं दिसत नाही. त्याला हवं असतं एखादं यंत्र, एखादी लिपी किंवा स्वतःचंच दहा वर्षांचं काम, आणि ते दुसऱ्याच कोणीतरी त्या विंडोजला बांधून ठेवलेलं असतं. म्हणून जुनं बरं की नवं बरं हा वाद घालण्यात अर्थ नाही. काय कशाला बांधलं आहे आणि ते सुटतं का, एवढंच पाहायला हवं.

ही गाठ कुठं पडते ते आधी समजून घेऊ. साखर कारखाना आणि ऊसतोड टोळी यांच्यामध्ये मुकादम असतो. कारखाना मुकादमाशी बोलतो, मुकादम टोळीशी. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम तसंच आहे. तुमचा प्रोग्रॅम प्रिंटरशी, डिस्कशी किंवा एखाद्या मोजमापाच्या यंत्राशी थेट बोलत नाही. तो सिस्टिमला सांगतो आणि सिस्टिम त्या त्या यंत्राच्या ड्रायव्हरमार्फत काम करून घेते. मुकादम बदलला की टोळी येईलच याची खात्री नसते. ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये चालत नाही. २००७ साली आलेल्या व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून तर गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही असणं सक्तीचं झालं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं नवा ड्रायव्हर लिहिला नसेल, किंवा ती कंपनीच बंद झाली असेल, तर यंत्र धडधाकट असूनही नव्या संगणकाच्या लेखी ते नसल्यातच जमा. प्रोग्रॅमचंही असंच. डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोज चालवत नाही, आणि विंडोज ११ निघाली तीच फक्त ६४-बिट. त्यामुळं विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती ही असे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवणारी शेवटची विंडोज ठरली. मायक्रोसॉफ्टला इथं दोष देण्याआधी एक मान्य करायला हवं: १९८०च्या दशकातला प्रोग्रॅम २०२५ सालापर्यंत चालवून दाखवणं ही साधी गोष्ट नाही. मागच्याला सांभाळून घेण्याची एवढी सवय दुसऱ्या फार थोड्या कंपन्यांना आहे.

परत जाण्याची ही मागणी फक्त छोट्या गावांतली किंवा गरीब देशांतली, असंही नाही. व्हिस्टा बाजारात आल्यावर अमेरिकेत इतकी ओरड झाली, की डेल कंपनीनं २००७च्या एप्रिलमध्ये घरगुती संगणकांवर एक्सपीचा पर्याय पुन्हा देऊ केला. खुद्द मायक्रोसॉफ्टनं एक्सपीच्या विक्रीची मुदत वाढवली, व्हिस्टाच्या महाग आवृत्त्या घेणाऱ्यांना एक्सपीकडे उतरण्याचा हक्क दिला, आणि २००९ साली विंडोज ७ आणताना तिच्या व्यावसायिक आवृत्तीसोबत 'एक्सपी मोड' नावाची सोय मोफत ठेवली. नव्या विंडोजच्या पोटात जुनी विंडोज चालवायची, अशी ती सोय. ज्यानं नवं विकायचं, त्यानंच जुन्याची गरज कबूल केली होती. आजही विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर दहा दिवसांच्या आत परत फिरता येतं. दहा दिवस मात्र फार कमी आहेत. ज्या कामात अडचण येते, ते काम कित्येकदा वर्षातून एकदाच निघतं.

आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींकडे येऊ. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांपासून सुरू झालेली कोल्हापूरची यंत्रविद्या आज मुख्यतः वाहनांच्या सुट्या भागांवर आणि ओतकामावर उभी आहे. जिल्ह्यात सुमारे तीनशे फौंड्री आहेत असं धरलं जातं. फौंड्रीत भट्टीतलं लोखंड ओतण्याआधी त्याची रासायनिक घडण तपासावी लागते, आणि त्यासाठी स्पेक्ट्रोमीटर असतो. वितळलेल्या धातूचा नाण्याएवढा नमुना गोठवायचा, घासून सपाट करायचा आणि त्यावर विजेची ठिणगी पाडायची. त्या प्रकाशाचं पृथक्करण करून यंत्र कार्बन, सिलिकॉन, मँगॅनीज, गंधक, फॉस्फरस यांचं प्रमाण सांगतं. हे सगळं मिनिटाभरात व्हावं लागतं, कारण तोवर भट्टीत चौदाशे-पंधराशे अंश सेल्सिअसवर धातू थांबलेला असतो आणि विजेचा मीटर पळत असतो. हा स्पेक्ट्रोमीटर शेजारच्या संगणकाशी बांधलेला. त्या संगणकात कंपनीचं सॉफ्टवेअर असतं आणि प्रमाणित नमुन्यांवरून केलेलं कॅलिब्रेशनही असतं. यंत्राचा प्रकाशीय भाग उत्तम चालतो, पण सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं. नव्या विंडोजवर ते बसत नाही, आणि नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर सोबत नवी इलेक्ट्रॉनिक्स घ्या असं सांगितलं जातं. अशा वेळी एक्सपीवर परत जाणारा फौंड्रीवाला मागासलेला ठरतो का? लाखो रुपयांचं चालू यंत्र काही हजारांच्या संगणकापायी भंगारात घालायचं नाही, एवढा साधा हिशेब तो करतो आणि तो हिशेब चुकीचा नाही.

सीएनसी मशीनचीही तीच गत, फक्त तिथं गाठ दोन ठिकाणी असते. सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी सारख्या कंट्रोलरमध्ये पडद्यामागं विंडोज एनटी किंवा एक्सपीच चालते. ती बदलणं म्हणजे कंट्रोलरलाच हात घालणं. ज्या कंट्रोलरमध्ये विंडोज नाही, तिथं प्रोग्रॅम पाठवायला शेजारी एक जुना पीसी ठेवलेला दिसतो, कारण जोडणी आरएस-२३२ या सीरियल पोर्टची असते आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. यूएसबीचं कन्व्हर्टर मिळतं, पण मोठा प्रोग्रॅम जाताना मध्येच तुटलं तर टूल जॉबमध्ये घुसण्याची भीती. पोर्टासाठी पीसी, पीसीसाठी ड्रायव्हर आणि ड्रायव्हरसाठी एक्सपी, अशी ही साखळी आहे. लेथचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं आणि विंडोजचं जेमतेम दहा. आयुष्यांचा हा मेळ बसत नाही, याची किंमत मात्र नेहमी मशीन घेणारा देतो.

तरीही यंत्रांचा प्रश्न पैशानं सुटतो. भाषेचा प्रश्न तसा नाही, म्हणून मराठी छपाईचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. कोल्हापूर हा सहकारी संस्थांचा जिल्हा. दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था, कारखाने या सगळ्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हावी लागते, आणि सभेआधी अहवाल छापून सभासदांच्या हाती द्यावा लागतो. त्यामुळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अहवालांची झुंबड असते. अहवालाचा मजकूर दरवर्षी नव्यानं कोणी टाइप करत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, संचालक मंडळातली नावं बदलायची, आकडे बदलायचे, ताळेबंदाचे रकाने सरकवायचे. ती फाइल असते पेजमेकरमध्ये आणि अक्षरं असतात श्री-लिपी, आकृती अशा एखाद्या पॅकेजच्या फॉन्टमध्ये. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि तिच्यापुढं मोठी आवृत्ती आलीच नाही. अडोबीनं सगळं लक्ष इनडिझाइनकडे वळवलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारं जाहीर मानक, पेजमेकरला कधी आलं नाही. ते नीट चालतं ते एक्सपीवर, आणि काही पॅकेजांच्या तर डोंगललाही, म्हणजे ते पॅकेज उघडायला संगणकाला लावायच्या किल्लीलाही, जुना पॅरलल पोर्ट लागतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सभा दहा दिवसांवर असताना, छापखान्याच्या मालकानं नवी विंडोज काढून एक्सपी टाकून घेतली तर त्यात नवल नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ती फाइल युनिकोडमध्ये बदलून घेणं. ते वाटतं तितकं सोपं का नाही, हे कळायला त्या फॉन्टच्या आत डोकवावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असायच्या आणि त्या मुळात रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या होत्या. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरांचे घडवलेले ठोकळे. कोणता तुकडा कोणत्या जागेवर, हे प्रत्येक कंपनीनं आपलं आपण ठरवलं. म्हणजे पडद्यावर 'सर्वसाधारण सभा' असं दिसत असलं, तरी फाइलमध्ये साठवलेलं असतं रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. संगणकाच्या लेखी ते मराठी नसतंच. फॉन्ट काढून घेतला की मजकूर गेला. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही. मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत आणि ते बरंच काम करतात. पण रफार भलत्या अक्षरावर जातो, 'ऱ्या' आणि 'र्या' यांची गल्लत होते, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते आणि क्वचित एखादा आकडाही हलतो. अहवालात रफार हलला तर सभासद सोडून देईल. ठेवींचा आकडा हलला तर सभेत गोंधळ होईल. म्हणजे बदललेली प्रत्येक फाइल पुन्हा मुद्रितशोधनातून काढायची, आणि त्याचे पैसे कोणी देणार नाही.

इथं एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. श्री-लिपीच्या आधी, डॉसच्या काळात, संगणकावर मराठी आणण्यासाठी जिस्ट नावाचं कार्ड वापरत. आयआयटी कानपूरमध्ये त्या कामाची सुरुवात झाली आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकनं ते पुढं नेलं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. संगणकाच्या पेटीत खाचेत बसवायचं हे कार्ड. ती खाच नव्या संगणकांतून केव्हाच गेली, त्यामुळं यंत्र म्हणून जिस्ट कार्ड आज पूर्णपणे अस्तंगत आहे. पण त्या कार्डावर लिहिलेला मजकूर 'इस्की' या जाहीर भारतीय मानकानुसार साठवलेला असे. ते मानक भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून छापलं. युनिकोडमधला देवनागरीचा विभागही इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आवृत्तीच्या क्रमानं लावलेला आहे. म्हणून त्या काळातली फाइल हाती लागली, तर ती आजच्या युनिकोडमध्ये जवळजवळ अक्षरास अक्षर उतरते. याउलट त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, विंडोजच्या ऐन बहरात, सुंदर फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल मात्र अडून बसते. जुनं म्हणून अडतं हे खरं असतं, तर उलट व्हायला हवं होतं. काय टिकतं आणि काय अडतं हे वयावर ठरत नाही, संकेत जाहीर होता की खाजगी होता यावर ठरतं. या प्रकरणातल्या माझ्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

मग छापखानेवाल्यांनी वेळेवर युनिकोड का स्वीकारलं नाही, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांनी बहुधा कधी अंक लावून पाहिलेला नसतो. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २०००पासून आली. एक्सपीतही होती, पण ती मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी विंडोजची सीडी घालावी लागे. पत्र लिहायला, ई-मेल धाडायला तेवढं पुरेसं. पण पानं लावण्याच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरनं देवनागरीची जोडाक्षरं नीट हाताळायला बराच काळ घेतला; इनडिझाइनमध्ये मराठीसह भारतीय भाषांची रीतसर सोय आली ती २०१२च्या सीएस६ आवृत्तीत. एक्सपी आली २००१ साली. म्हणजे अकरा वर्षं मराठी मुद्रकाला युनिकोडमध्ये धड पान लावता येत नव्हतं, आणि त्याला मात्र जुन्याला चिकटून बसल्याचं बोलून दाखवलं जात होतं. त्या अकरा वर्षांत साठलेल्या फाइलींचा डोंगर हाच आजचा प्रश्न आहे. उलट एक गोष्ट एक्सपीच्या चाहत्यांनीही ध्यानात घ्यावी: मराठी आपोआप दिसेल अशी विंडोज एक्सपीनंतरची आहे. परत जाताना आपण मराठीच्या दृष्टीनं थोड्या गरीब काळात जातो.

गाठ सोडवली तर काय होतं, याचंही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रं उभी केली. शेतकऱ्याला गावात बसून शेतीची माहिती मिळावी, बाजारभाव कळावेत, इंटरनेट मिळावं असा मोठा बेत होता आणि त्याचं देशभर कौतुक झालं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूरच्या संशोधन शाखेनं तिथं पाहणी केली, तेव्हा असं आढळलं की गावातल्या संगणकाचा खरा उपयोग एकच आहे: उसाचं वजन किती भरलं, खतं किती उचलली, बिल कधी निघणार, अशी कारखाना आणि सभासद यांच्यातली मोजकी देवाणघेवाण. संगणक जुने झालेले, वीज बेभरवशाची, दुरुस्ती महाग. मग संशोधकांनी सात गावांत सुमारे आठ महिने एक प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवले आणि तीच माहिती साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनं द्यायला सुरुवात केली. काम अडलं नाही. उलट शेतकऱ्याला केंद्राच्या वेळेची वाट पाहावी लागेना. 'वारणा अनवायर्ड' या नावानं हा अभ्यास पुढं प्रसिद्ध झाला.

याला मागं जाणं म्हणायचं की पुढं? रंगीत पडद्यावरून १६० अक्षरांच्या निरोपावर येणं ही उतरंडच दिसते. पण तिथं आधी नेमकं काम काय आहे ते वेगळं काढलं गेलं आणि मग त्याला पुरेसं साधन निवडलं गेलं. माहिती कारखान्याच्या मुख्य नोंदींत होती, गावातल्या एखाद्या विशिष्ट संगणकात अडकलेली नव्हती. म्हणून साधन बदलणं जमलं. हीच माहिती गावोगावच्या संगणकांत खाजगी स्वरूपात साठली असती, तर शेवटचा संगणक बंद पडेपर्यंत तो सांभाळत बसावं लागलं असतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. आधार संपलेल्या सिस्टिममध्ये सापडलेली नवी भोकं कोणी बुजवत नाही, हे निर्विवाद. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि काही दिवसांत दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यानं कुलूपबंद केले. तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पण या घटनेचा दाखला देताना दुसरी बाजू सांगितली जात नाही. कॅस्परस्की या कंपनीच्या पाहणीनुसार बाधित संगणकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक विंडोज ७चे होते. त्या विंडोजचा आधार तेव्हा चालू होता आणि दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती. ती कोणी बसवली नव्हती. एक्सपी यातून सुरक्षित ठरते असा अर्थ कोणी काढू नये. एक्सपीवर तो व्हायरस बहुतेक वेळा नीट चालण्याआधीच संगणक बंद पाडत असे, एवढंच. अर्थ असा, की सिस्टिमच्या वयाइतकाच धोका तिच्या निगराणीच्या अभावात आहे. आणि आपल्याकडं निगराणी नसण्याचं एक कारण उघड बोललं जात नाही: पुष्कळ ठिकाणी विंडोजची प्रतच चोरीची असते, म्हणून अपडेट मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तिथं विंडोज ११ टाकली तरी फरक पडणार नाही.

कारखानदारांनी वॉनाक्रायपेक्षा तैवानचं उदाहरण लक्षात ठेवावं. २०१८च्या ऑगस्टमध्ये टीएसएमसी या, इतरांसाठी चिप बनवून देणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे काही कारखाने ठप्प झाले. नवं यंत्र बसवताना त्यातलं सॉफ्टवेअर तपासलं गेलं नाही, ते आतल्या नेटवर्कला जोडलं, आणि वॉनाक्रायचाच एक प्रकार यंत्रायंत्रांत पसरला. म्हणजे मशीनवरची जुनी विंडोज एकटी असताना फारसं बिघडत नाही. ती इतरांना जोडली की बिघडतं. मग नुसती वायर काढली की झालं, असं वाटेल. तेही पुरत नाही. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणच्या अणुकेंद्रातल्या, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या यंत्रणेत शिरला, तो यूएसबी पेन ड्राइव्हच्या वाटेनं असं मानलं जातं. आपल्या शॉप फ्लोअरवर प्रोग्रॅम न्यायला, गाणी ऐकायला आणि मुलाचा अर्ज छापायला एकच पेन ड्राइव्ह फिरतो, हे कुणाला सांगायला नको.

नवं तेवढं सुरक्षित, या समजालाही मर्यादा आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. त्या दिवशी अशी वार्ता पसरली की अमेरिकेतली एक विमान कंपनी विंडोज ३.१ वापरत होती म्हणून वाचली. त्या वार्तेला आधार नव्हता, पण ती लोकांना भलतीच आवडली. जुन्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी अशा गोष्टींपासून सावध राहावं. त्यांची बाजू अफवेवाचूनही पुरेशी भक्कम आहे.

मात्र एका ठिकाणी ती बाजू टिकत नाही. ज्या संगणकावरून पैशांचे व्यवहार होतात, जीएसटीचं विवरण भरलं जातं, सभासदांची आधार आणि खात्यांची माहिती ठेवली जाते, तिथं परत जाण्याचं समर्थन होऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेनं जून २०१८मध्ये परिपत्रक काढून बँकांना एटीएमवरची एक्सपीसारखी आधार संपलेली सिस्टिम टप्प्याटप्प्यानं जून २०१९पर्यंत काढायला लावली, ते योग्यच होतं. तांत्रिकदृष्ट्याही तिथं मार्ग बंद झाला आहे. क्रोमनं एक्सपीला २०१६मध्ये सोडलं, फायरफॉक्सनं २०१८मध्ये, आणि एक्सपीतल्या इंटरनेट एक्सप्लोररला आजची सुरक्षित जोडणी करताच येत नाही. एखाद्या पतसंस्थेत फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर धडाधड पासबुकं छापतो आणि नवा प्रोग्रॅम तेच काम संथपणे करतो, ही तक्रार खरी आहे. जुना प्रोग्रॅम प्रिंटरला नुसती अक्षरं पाठवतो आणि प्रिंटर स्वतःच्या साच्यातून ती उमटवतो; नवा प्रोग्रॅम पानाचं चित्र काढून पाठवतो, म्हणून वेळ लागतो. पण ठेवीदाराच्या पैशापुढं प्रिंटरचा वेग गौण आहे. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली उघडणारी कितीतरी साधनं आहेत. तिथली गाठ सुटणारी आहे, ती सोडवायला हवी.

राहता राहिला मध्यममार्ग. ज्याला डोंगल किंवा खास कार्ड लागत नाही असं जुनं सॉफ्टवेअर नव्या संगणकात आभासी यंत्र करून, त्याची नेटवर्क जोडणी बंद ठेवून, निर्धास्त चालवता येतं. पेजमेकरसाठी तर हाच मार्ग उत्तम. ज्याला जुनं यंत्रच हवं, त्यानं ते ठेवावं, पण इंटरनेटपासून तोडावं, त्याच्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह बांधून घ्यावा, आणि डिस्कची हुबेहूब प्रत आजच काढून ठेवावी. जुन्या आयडीई डिस्क आता सहज मिळत नाहीत, आणि स्पेक्ट्रोमीटरचं कॅलिब्रेशन डिस्कबरोबर गेलं तर एक्सपीची सीडी असून काही उपयोग नाही. लिनक्सकडे जा असा सल्लाही दिला जातो. घरच्या आणि शाळेच्या जुन्या संगणकाला तो चांगला लागू पडतो. स्पेक्ट्रोच्या ड्रायव्हरला आणि श्री-लिपीच्या डोंगलला तो लागू पडत नाही. आणि छापखान्यांनी दर सप्टेंबरला निदान एका संस्थेचा अहवाल नव्यानं युनिकोडमध्ये लावून घ्यावा. जुन्या फॉन्टची जागा न् जागा पाठ असलेले ऑपरेटर अजून कामावर आहेत, तोवरच हे स्वस्तात होईल.

आज ज्या औद्योगिक यंत्रांत विंडोज १०ची २०२१ सालची दीर्घ मुदतीची आयओटी आवृत्ती बसवलेली आहे, तिचा आधार १३ जानेवारी २०३२ रोजी संपेल. असं यंत्र त्यानंतरही पंधरा-वीस वर्षं चालणार आहे. तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: आत कोणती सिस्टिम आहे, २०३२ नंतर ती कोण आणि किती पैशांत बदलून देणार, आणि यंत्रातला डेटा कोणत्या जाहीर स्वरूपात बाहेर काढता येतो. तोंडी उत्तरावर भागवू नका, ऑर्डरवर लिहून घ्या.